आदलो काय कमी हुतो?

आमच्या तिठ्यावरच्या हॉटेलात एक लांब बाक आहे. त्याचं जनेलाकडचं, म्हणजे खिडकीकडचं, टोक माझं. हॉटेल म्हणजे काय, तर दोन मेजं, एक काचेचं कपाट, कपाटात भजी आणि पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, सकाळी टाकलेले उंडे पाव. हरमलला जाणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांच्या भाड्याच्या स्कूटर समोरून फर्रकन जातात. एखादी चुकून थांबते, रस्ता विचारते, आणि बाकावरचे आम्ही चौघे चार दिशांना हात करतो. बाकी वेळ आम्ही राजकारण करतो.

त्या बाकावर माझ्याकडे वकिली होती. कोणी नेमलेली नाही, फी नाही, पण अशील एकच आणि कायमचा. आमच्या भागातून निवडून येणारा पुढारी. त्याला आम्ही पात्रांव म्हणतो. पात्रांव म्हणजे धनी. पोर्तुगीज गेले, शब्द मागे ठेवून गेले, आणि आम्हाला कोणी ना कोणी धनी लागतोच म्हणून तो वापरात राहिला. पात्रांवाच्या आधी जो निवडून यायचा तो 'आदलो', म्हणजे आधीचा. त्यालाही नाव होतं, पण हरल्यावर ते कोण घेतो?

माझी वकिली अगदी सोपी होती. कोणी म्हणालं, रस्त्याला खड्डे पडले, की मी म्हणायचो, आदल्याच्या वेळचे खड्डे विसरलास? त्यात तुझी म्हैस बसायची! कोणी म्हणालं, पात्रांवाने मेव्हण्याला काम दिलं. मी म्हणायचो, आदल्याने दोन मेव्हण्यांना दिलं होतं, ह्याला बिचाऱ्याला मेव्हणाच एक. दवाखान्यात डॉक्टर नाही? आदल्याच्या वेळी दवाखान्याला दार तरी होतं का? 'आदलो काय कमी हुतो?' एवढं म्हटलं की मी चहाचा घोट घ्यायचो आणि खटला निकालात निघायचा.

पात्रांवाने पक्ष बदलला तेव्हा लोक माझ्याकडे बघून हसू लागले. मी म्हटलं, आदल्याने तीनदा बदलला होता. पात्रांवाने दुसऱ्यांदा बदलला, तेव्हाही माझ्याकडे एक पक्ष शिल्लक होता. पण मग एका सकाळी पेपरात फोटो आला. पात्रांव आणि आदलो एकाच पक्षात, एकाच हारात मान घालून उभे! आवशीक खाव! माझा सगळा कायदाच बुडाला. दोन दिवस मी हॉटेलात गेलो नाही, घरी पोट दुखतंय म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी गेलो आणि म्हटलं, पोर्तुगीजांनी काय केलं ते आठवतं का? खटला पुन्हा उभा राहिला.

आता विचाराल, एवढी निष्ठा कशापायी? माझी आई गेली तेव्हा पात्रांव चपला काढून अंगणात बसला होता, सरण पेटेपर्यंत हलला नाही. हे एक. आणि खरं सांगायचं तर, दुसरं कारण अगदीच पोरकट आहे. तो गाडीतून जाताना काच खाली करून सगळ्यांसमोर मला "काय मामा!" म्हणून हाक मारायचा. बस्स. तेवढ्यावर मी त्याचे सगळे डोंगर पचवले. लाज वाटते सांगायला, पण तेवढ्यावरच.

माझी ओळख राहिलीच. मी पंचवीसेक वर्षं डिचोली तालुक्यात, सुर्ल्याला, खनिजाचा टिपर चालवला. खाणी थांबल्या तेव्हा घरी आलो. आमचं गाव पेडण्यात, कोरगावच्या अलीकडे. बायको कोरगावचीच. काजूच्या डोंगरात वाढलेली, आणि भांडणात माघार घेणं हे तिला माहेरी कोणी शिकवलेलं नाही.

ह्याशिवाय मला एक मान आहे. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जत्रेच्या सकाळी सगळा गाव देवासमोर हात जोडून उभा राहतो. मी नारळ हातात घेऊन पुढे होतो आणि टिपेचा आवाज लावतो: "बा देवा म्हाराजाऽऽ! आज जो काय सगळो गाव मिळान तुज्या पायांकडे उबो रवलो हा, तेचा बरा कर रे म्हाराजा!" आणि माझ्या प्रत्येक वाक्याला गाव एका तोंडाने उत्तर देतो, "होय म्हाराजा!" माझ्या आवाजाची पट्टी खाली आली की लोकांच्या तोंडून ते आपसूक निघतं. शब्द कोणी ऐकत नाही. मी एकदा मुद्दाम परीक्षा घेतली होती. मध्येच घुसवलं, "पोदेराचो उंडो दिसान दिस बारीक होता हा रे म्हाराजा!" गावाने डोळे मिटून सांगितलं, "होय म्हाराजा!" पोदेर पण त्यांच्यात होता. फक्त बायकांच्या रांगेतून माझ्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य मी विसरलो.

तर आता झरीची गोष्ट.

आमच्या घरामागे डोंगर आहे आणि डोंगराच्या पायथ्याशी झर. बारमाही. भात कापून झालं की त्या झरीच्या पाण्यावर बायको मिरची लावते. ही जात हरमलकडची, लांब आणि लालभडक, वाळवून माळा केल्या की पडवी पेटल्यासारखी दिसते. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती झरीचा गाळ स्वतः काढते. मी सुर्ल्यात टिपर पळवत होतो, तेव्हा इकडे घर त्या मिरचीवर चाललं. झर म्हणजे तिचं माहेर, सासर, बँक काय म्हणाल ते. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास नाही, आणि त्याला कारणं आहेत.

पौषात एका सकाळी डोंगरावर पोकलेन चढलं. पिवळंधमक, लांब हाताचं. खाली रस्त्याला फलक लागला, त्यावर चित्र होतं: पांढरे बंगले, प्रत्येकाला एक निळा तलाव आणि तलावाकडेला झोपलेली बाई. आमच्या डोंगरावर तलाव! जमीन कुठल्या तरी कंपनीच्या नावावर होती, पण कंपनी कोणाची हे तिठ्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. आठ दिवसांत झरीचं पाणी तांबडं झालं. पंधरा दिवसांत धार करंगळीएवढी झाली.

बायको मळ्यातून आली, हातपाय न धुता माझ्यासमोर उभी राहिली.

"पात्रांव आमच्या घराक येवन च्या पिता. तेका सांगा."

मी पेपर वाचत होतो. वर न बघता, सवयीने, माझ्या तोंडून निघून गेलं, "आदल्यान पलीकडचो डोंगर कापलो तेवा कोण काय बोललो?"

"आदल्यान कापलेल्या डोंगराखाली माजी मिरची नाय हुती," ती म्हणाली आणि आत गेली.

मला वाटलं, भांडण संपलं. दुपारी जेवायला बसलो तर बांगड्याचं हुमण, म्हणजे आमची माशाची आमटी, पिवळं. हळद, खोबरं, बांगडा, आणि तिखटाचा पत्ता नाही. मी म्हटलं, मिरची घालायची राहिली वाटतं. ती म्हणाली, "शेजारणीकडे पण काल बिनतिखटाचाच हुता." दुसऱ्या दिवशी तिसळ्या, त्याही पांढऱ्याफटक. मी आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या आवशीन कदी बिनतिखटाचा केल्यान नाय? तेवा काय बोललास?" तिसऱ्या दिवशी सोलकढीसुद्धा नुसती गुलाबी. माझीच वकिली माझ्याच ताटात वाढत होती बया! मी तिठ्यावर जाऊन मिरची भजी खाऊन आलो. घरी येऊन हात धुतले, तरी तिला वास आला. चौथ्या दिवशी मीठही गेलं.

शेवटी डोंगर चढून गेलो. पोकलेनवाला सावलीत बसून भाकरी खात होता. चंदगडकडचा माणूस, चाळिशीचा, खाली पत्र्याच्या शेडमध्ये बाकीच्या कामगारांबरोबर राहायचा. मला बघून उठला, पाण्याची बाटली पुढे केली. मी त्याला झर दाखवली, खाली मळा दाखवला, अर्धी रोपं माना टाकून उभी होती. त्याने उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. मग म्हणाला, "काका, दिसतंय मला. रोज वरनंच बघतोय की. माझ्या बी घरी मिरची हाय. पर मी उतरलो तर उद्या दुसरा चढतोय बघा. हितं काय मी एकटाच हाय व्हय?"

हे वाक्य माझं होतं.

सुर्ल्यात एक बाई होती. रस्त्याच्या कडेला रिकामी कळशी घेऊन उभी राहायची. तिची विहीर आटली होती. एकदा तिने हात आडवा करून माझा टिपर थांबवला. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, फक्त कळशी उलटी करून दाखवली. मी काच खाली केली आणि म्हटलं, बाये, माझ्या पुढे चाळीस गाड्या आणि मागे चाळीस. मी एकटा थांबून काय होणार? ती बाजूला झाली. मी गियर टाकला. इतक्या वर्षांत ती मला एकदाही आठवली नव्हती, आणि आता त्या चंदगडच्या माणसाच्या तोंडून ती अशी पुढ्यात येऊन उभी राहिली, कळशी उलटी धरून. मला त्या माणसाचा राग येईना. मला माझीच शिसारी आली.

डोंगर उतरलो तो तडक पेडण्याला पात्रांवाच्या घरी.

"अरे मामा! बसा, बसा. च्या हाडा गे!" त्याने मला शेजारी बसवलं. मी झर सांगितली, मिरची सांगितली, आळणी हुमणसुद्धा सांगितलं. तो मनापासून हसला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "मामा, आदल्यान अख्खो डोंगर कापलो. मी अर्दोच कापतंय. हा तुमीच तिठ्यार सांगतास मा? तुमच्याच जिवार मी उबो आसय."

माझाच शिक्का, माझाच कागद. वर तो म्हणाला, "आयतारी ग्रामसभा असा. चार जण आरडतले. तुमी उबे रवा आनी दोन शब्द सांगा. गाराण्याचो आवाज तुमचो, गाव तुमचा ऐकता." दारापर्यंत सोडायला आला, आणि सगळ्यांसमोर पुन्हा "मामा" म्हणाला. ह्या वेळी ते कानाला चावलं.

घरी येऊन बायकोला म्हटलं, रविवारी मी बोलणार. त्या संध्याकाळी मीठ परत आलं.

मी ठरवलं होतं, त्याची खरडपट्टी काढायची, आणि अशी काढायची की गाव वर्षभर हसत राहील. सरळ बोललो असतो तर निभावलं असतं. पण मला मेल्याला सरळ बोलता कुठे येतं! मी ठरवलं, गाऱ्हाण्याच्या चालीत पात्रांवाची आरती ओवाळायची. त्याची सगळी लंगडी कारणं, म्हणजे माझीच, देवासमोर मांडल्यासारखी मांडायची. लोक ऐकतील, हसतील, मग त्यांना लाज वाटेल. तीन दिवस मी काजूच्या झाडांना ते म्हणून दाखवत होतो. एकटाच हसत होतो.

रविवारी सभेची खोली भरली. पुढे मेजावर सरपंच, शेजारी सचिव, त्याच्यासमोर ठरावाची वही. विषय होता डोंगरावरच्या बंगल्यांना ना-हरकत द्यायची की नाही. दोघे-तिघे ओरडले, दोघे-तिघे त्यांच्यावर ओरडले. मग सरपंचाने माझ्याकडे बोट केलं. मी उठलो. समोर अख्खा गाव, माझे हात आपसूक जोडले गेले, आणि आवाज टिपेला गेला.

"बा देवा म्हाराजाऽऽ! आदल्यान पलीकडचो डोंगर खाल्ल्यान, तेवा आमी तोंडात गूळ धरून रवलंव, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मला वाटलं, वा, रंगात आले. मी पुढे रेटलं.

"म्हणान ह्या पात्रांवान हो डोंगर खाल्ल्यार आमची काय एक हरकत नाय, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"झर सुकली तर सुकांदी, मिरची मेली तर मरांदी, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

कोणी हसत नव्हतं. मी बघितलं, म्हाताऱ्यांनी डोळे मिटले होते. मागच्या रांगेतल्या दोघांनी चपला काढून बाजूला सारल्या. एका बाईने डोक्यावर पदर घेतला. अरे देवा! मला थांबायला हवं होतं. पण गाऱ्हाणं मध्ये तोडायचं नसतं हे माझ्या हाडात बसलंय, आणि मी शेवटपर्यंत गेलो. "आनी जा काय चलला हा ता असाच चलांदी, रे म्हाराजाऽऽ!" छप्पर उडेल असा होकार आला. सरपंच मेजावर हात आपटून म्हणाला, "एकमतान मंजूर!" सचिवाने वहीत लिहिलं की ठराव मी मांडला आणि जमलेल्या सर्वांनी त्याला तोंडी होकार दिला.

मी ओरडलो, "अरे, मी फिरकी घेतय हुतंय! कळना नाय काय तुमका?" सरपंच म्हणाला, पुढचा विषय, गटार. बायकांच्या बाजूला बघितलं. सगळ्या उठून निघत होत्या. माझी बायको एकटी बसली होती, ओठ घट्ट मिटून. तिने एकदाही "होय" म्हटलं नव्हतं, हे मला आवाज न ऐकताच कळलं.

तिठ्यावर माझं कौतुक झालं. हॉटेलवाल्याने भजी फुकट दिली. "काय बोललास रे! अंगार काटो इलो." मी म्हटलं, शिरा पडो तुमच्या तोंडार, शब्द ऐकलेत का माझे? तो म्हणाला, "गाराण्याचे शब्द कोण ऐकता? गाराण्याक होय म्हणूचा." मग माझा चेहरा बघून त्याला वाईट वाटलं असावं. माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने तो म्हणाला, "जावंदी रे. आदलो ठराव पण असोच गेल्लो." मी भजी तशीच टाकून उठलो.

बायको चिडली असती तर बरं झालं असतं. तिने मुलाच्या जुन्या वहीतला एक रेघी कागद काढला आणि सातवीपर्यंतच्या मराठी शाळेतल्या त्या गोल अक्षरात अर्ज लिहिला. वरच्या कचेरीला. ग्रामसभेतला होकार हा गाऱ्हाण्याला दिलेला होता, ठरावाला नव्हे, ठराव मांडणाऱ्याने तो थट्टेने मांडला होता, आणि आमची झर वाचवावी. खाली रेघा मारल्या सह्यांसाठी. पहिल्या रेघेपुढे एकचा आकडा घातला आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

"पयली सय तुमची. वहीत तुमचा नाव असा."

म्हणजे मी लिहून द्यायचं की मी गाढव आहे. आणि ते पात्रांवाच्या हाती पडणार. मी म्हटलं, बघूया, उद्या करतो. उद्या म्हटलं, चष्मा सापडत नाही. परवा म्हटलं, आधी तुझ्या मैत्रिणींच्या सह्या घे, मग माझी. ती घरोघरी गेली. सगळ्या बायकांनी तोंड भरून शिव्या दिल्या पात्रांवाला, चहा पाजला, आणि सही मात्र कोणी केली नाही. एकच उत्तर: "तुज्या घोवाचीच सय नाय, मगे आमची कित्याक?" ती संध्याकाळी परत आली, सह्यांच्या रेघा तशाच कोऱ्या. मळ्यात गेली आणि मेलेली रोपं उपटून बांधावर टाकत राहिली. मी पडवीत बसून ते बघितलं. पडवीला त्या वर्षी एकच माळ होती, तीही अर्धी.

तीन आठवडे असे गेले. मग जत्रा आली.

सकाळी सगळा गाव देवळात. पहिल्या रांगेत पात्रांव, पांढरा सदरा, हात जोडलेले. मला बघून त्याने डोळ्यांनीच "मामा" म्हटलं. माझ्या हातात नारळ दिला गेला. मी पुढे झालो. नेहमीचं सुरू केलं: गावाचं बरं कर, गुराढोरांचं बरं कर, परगावी गेलेल्यांना सांभाळ. "होय म्हाराजा, होय म्हाराजा." मग ते वाक्य येतं जे माझ्या बापाने, आज्याने घातलं: काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घे. तिथे मी मान वळवून बायकोकडे बघितलं. बायकांच्या रांगेत ती उभी होती. सुर्ल्याची बाई पण उभी असल्यासारखं वाटलं, कळशी घेऊन. आणि मी जे बोललो ते आधी ठरवलेलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं.

"बा देवा म्हाराजाऽऽ! आमच्या झरीचा पाणी गेला, तेच्यात पयली चूक माजी, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांच्या आधी, अर्ध्या क्षणाने आधी, एका बाईचा आवाज आला होता. तो मी ओळखला.

"मी तिठ्यार बसान सगळ्यांची पापां आदल्याच्या नावार घातलंय, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" पात्रांवपण म्हणाला. मनापासून म्हणाला.

"आनी जो जो ह्या झरीचा पाणी प्यालो हा, तो आज हय, तुज्यासमोर, झरीच्या कागदार सय करतलो, रे म्हाराजाऽऽ!"

"होय म्हाराजा!"

गाऱ्हाणं मी तिथेच संपवलं. हळूहळू लोकांनी डोळे उघडले. काय म्हटलं आपण, हे एकमेकांकडे बघून कळायला लागलं. ग्रामसभेत म्हटलेलं कोण लक्षात ठेवतो, पण देवासमोरचा होकार मागे घ्यायची आमच्याकडे कोणाची छाती नाही. आणि झरीचं पाणी न प्यालेला गावात कोण? पात्रांव माझ्या घरी इतक्या वेळा चहा प्यायला होता.

हॉटेलवाला पुटपुटला, "आदल्या वर्सा गाराण्याक कागद नव्हतो."

बायको पुढे आली. कागद तिच्या कमरेच्या बटव्यात होता, चार घड्या घातलेला. तीन आठवडे तो तिथेच असावा. तिने तो देवळाच्या पायरीवर पसरला, कोपऱ्यावर माझ्या हातातला नारळ ठेवला आणि पेन वर धरलं. कोणी हललं नाही. मग पात्रांव हसला, त्याच्या त्या छान हसण्याने, आणि मोठ्याने म्हणाला, "पयली आदल्याक करूंदी. मागीर मी करतंय!"

देऊळ हसलं. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. खरं सांगतो, हसू माझ्याही ओठांवर आलं होतं. सवय वाईट.

मी कागदाकडे वाकलो. वर अर्ज, खाली रेघा, पहिल्या रेघेपुढे तिने घातलेला एकचा आकडा. त्या आकड्याच्या वर कोणीच नव्हतं. आदलो नव्हता, पोर्तुगीज नव्हते. चष्मा सदऱ्याच्या खिशातच होता. मी तो घातला आणि सही केली. पायरीच्या दगडावर ती वाकडी आली, त्यामुळे ती माझी आहे हे कचेरीला पटेल की नाही अशी मला अजून शंका आहे.

माझ्यानंतर आधी बायका आल्या. मग म्हातारे, मग हॉटेलवाला, मान खाली घालून. काही जण मागच्या दाराने गेले. पात्रांवाला फोन आला, निदान त्याने तो कानाला लावला, आणि तो बोलत बोलत गाडीकडे निघाला. गाडी माझ्या बाजूने गेली तेव्हा काच वरच होती.

पोकलेन अजून डोंगरावर आहे. गेलं नाही, चालतही नाही. चंदगडचा माणूस घरी गेलाय, वरून निरोप येईपर्यंत. कचेरीतून दोघे येऊन झरीचे फोटो काढून गेले. पाणी अजून करंगळीएवढंच आहे.

त्या दुपारी देवळातून आलो आणि जेवायला बसलो. हुमण लाल नव्हतं, पण अगदी पिवळंही नव्हतं. ढवळून बघितलं तर तळाशी एक मिरची होती. एकच.

मी तिच्याकडे बघितलं.

"बाकीच्यो झर इल्यार," ती म्हणाली आणि भात वाढला.